दारात आलेलं सरकारी पाकीट

  आज किल्ला नाही, घोडदळ नाही. आज एका टपालाच्या पाकिटाची गोष्ट आहे. अर्थात मी फौजी माणूस, त्यामुळे गोष्ट फिरून फिरून लढाईपाशी जाणारच, एवढं आधीच सांगून ठेवतो.

गेल्या वेळी मी आणि आमची ही मुलाकडे न्यू जर्सीला गेलो होतो. पाच महिन्यांचा मुक्काम. तीन महिने झाले असतील, एके दिवशी टपालपेटीत अमेरिकेच्या जनगणना खात्याचं पाकीट आलं. पाकिटावर कोणाचं नाव नाही, फक्त घराचा पत्ता. आणि ठळक अक्षरांत छापलेलं की उत्तर देणं कायद्याने बंधनकारक आहे.

मुलाला पहिल्यांदा वाटलं, फसवणूक असेल. आजकाल तेच आधी मनात येतं. त्याने खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन खात्री केली. पाहणी खरी होती. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे असं तिचं नाव. दरवर्षी देशभरातले सुमारे 35 लाख पत्ते चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडतात आणि त्यांना हे पाकीट जातं. निवड पत्त्याची होते, माणसाची नाही. एक खूण तुम्हीही लक्षात ठेवा, तुमची मुलंबाळं तिकडे असतील तर उपयोगी पडेल. हे खातं बँकेचा खाते क्रमांक विचारत नाही, पैसे मागत नाही आणि पूर्ण सोशल सिक्युरिटी नंबरही मागत नाही. कोणी मागितला तर तो भामटा समजावा.

मुलगा भरायला बसला. पहिलाच प्रश्न, या घरात कोण कोण राहतं? आणि सूचना अशी की दोन महिन्यांपेक्षा जास्त काळ राहणाऱ्या प्रत्येकाला धरायचं. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुमची नावं नको घालायला. तुम्ही व्हिजिटर. पुढे नागरिकत्वाचाही प्रश्न आहे. उगाच व्हिसाचं काही लचांड मागे लागलं तर?" मुलगा म्हणाला, "त्यांनी लिहिलंय की माहिती गुप्त राहते." ती म्हणाली, "लिहायला काय जातंय?"

मंडळी, मला तिचा प्रश्न फार आवडला. लिहायला काय जातंय? सरकारने दिलेला शब्द किती वजनाचा असतो? हा प्रश्न इतिहासाला विचारता येतो, आणि अमेरिकेच्या इतिहासाने त्याचं उत्तर दिलेलं आहे.

सुरुवातीपासून बघू. अमेरिकेची पहिली जनगणना 1790 ची. जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष. मोजणीचं काम न्यायालयांच्या मार्शल लोकांकडे आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांकडे होतं. सहाच प्रश्न. आणि गुप्तता? अजिबात नाही. उलट कायदाच असा होता की तयार झालेली यादी गावातल्या दोन सार्वजनिक ठिकाणी लावायची, म्हणजे कोणाचं नाव राहिलं असेल तर लोकांनीच सांगावं. एकूण आकडा निघाला 39,29,214. वॉशिंग्टन आणि जेफरसन दोघांनाही तो कमीच वाटला. जेफरसन परदेशात आकडे पाठवताना स्वतःच्या अंदाजाचे आकडे लाल शाईने घालत असे.

पुढे प्रश्न वाढले. धंदा, मिळकत, आजार, जन्म कुठला. आता लोक कचरू लागले. शेजाऱ्याला आपली मिळकत कळावी असं कोणाला वाटेल? 1880 मध्ये मार्शल जाऊन स्वतंत्र गणक आले, आणि त्यांच्याकडून माहिती फोडणार नाही अशी शपथ घेतली जाऊ लागली. 1910 मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी जाहीरनामाच काढला. ही माहिती कर बसवायला वापरणार नाही, सैन्यभरतीसाठी वापरणार नाही, माहिती दिल्यामुळे कोणाचंही काही वाईट होणार नाही, असा त्याचा आशय.

हा शब्द किती वर्षं टिकला? सात. 1917 साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सक्तीची भरती सुरू झाली. काही तरुण वय लपवतात असा संशय आला, आणि जनगणनेतली वयाची माहिती भरती मंडळांना आणि न्यायालयांना दिली गेली. सैन्यभरतीसाठी वापरणार नाही म्हणाले होते, आणि नेमकं तिथेच वापरलं.

पण मोठी गोष्ट यापुढची आहे. 7 डिसेंबर 1941, पर्ल हार्बर. त्यानंतर दोनच दिवसांनी, 9 डिसेंबरला, जनगणना खात्याने अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या लोकांचे तक्ते काढले. आधीच्याच वर्षी, 1940 मध्ये, जनगणना झालेली होती. माहिती ताजी होती. फेब्रुवारी 1942 मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश क्रमांक 9066 वर सही केली, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना हलवायचं काम लष्कराकडे आलं. जनरल जॉन डीविट त्या विभागाचे प्रमुख. जनगणना खात्याने आपला एक तज्ज्ञ त्यांच्या मदतीला दिला. कोणत्या शहरात, कोणत्या भागात, कोणत्या गल्लीच्या चौकोनात किती जपानी राहतात याचे आकडे लष्कराच्या हातात आले.

इथे मी जरा थांबतो. सैन्यात आयुष्य काढलेला माणूस म्हणून सांगतो, एखादा भाग रिकामा करायचा असेल तर अधिकाऱ्याला काय लागतं? नावांची यादी लागत नाही. कुठल्या वस्तीत किती माणसं, एवढं कळलं की गाड्या किती, जवान किती, चौकी कुठे, सगळं ठरवता येतं. म्हणजे जनगणना खातं एकही नाव न देता, कायद्याचं एकही अक्षर न मोडता, हे करू शकलं. सुमारे 1,20,000 माणसं काटेरी तारांच्या छावण्यांत गेली. त्यातली दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होती. दुकानं, शेती, घरं मिळेल त्या भावात विकून गेली.

मार्च 1942 मध्ये युद्धकाळाचा एक कायदा झाला आणि गुप्ततेचं कलमच बाजूला ठेवलं गेलं. मग नावंही गेली. 1943 मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या जपानी वंशाच्या लोकांची वैयक्तिक माहिती अध्यक्षांच्या सुरक्षेचं कारण देऊन मागितली गेली आणि दिली गेली. हे पुराव्यानिशी जगापुढे यायला 2007 साल उजाडलं. विल्यम सेल्टझर आणि मार्गो अँडरसन या दोन अभ्यासकांनी जुने कागद उकरून ते दाखवलं.

आता लढाईपाशी येतो म्हणालो होतो, तो भाग. त्याच छावण्यांतून आणि हवाई बेटांतून जपानी वंशाचे तरुण अमेरिकन फौजेत स्वेच्छेने भरती झाले. त्यांची 442 वी रेजिमेंटल कॉम्बॅट टीम. 1944 च्या जुलैत ती इटलीत, पश्चिम किनाऱ्याच्या बाजूने लिव्होर्नोच्या दिशेने लढत होती. आणि त्याच जुलैत, त्याच इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपले मराठे लढत होते. 10 जुलैला रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे तिथे पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एक फौज पारतंत्र्यातल्या देशाची, दुसरी आईबापांना कैदेत टाकणाऱ्या देशासाठी लढणारी. दोघांचीही त्यांच्या सरकारांनी नीट मोजदाद ठेवली होती. मोजदाद ठेवणं आणि मान ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मग काय, सूनबाईचं बरोबर? अर्धं बरोबर. पुढचा अर्धाही ऐकायला हवा.

युद्धकाळातली ती सूट 1947 मध्ये संपली. गुप्ततेचा कायदा परत आला आणि पुढे आणखी कडक झाला. आज खात्याच्या नोकराने माहिती फोडली तर पाच वर्षांपर्यंत तुरुंग आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जनगणनेतली नावानिशी माहिती 72 वर्षं उघड होत नाही. 1980 मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथल्या जनगणना कार्यालयात एफबीआयचे लोक झडतीचं वॉरंट घेऊन आले. खात्याने गुप्त कागद त्यांच्या हाती लागू दिले नाहीत. 1988 मध्ये सरकारने कायदा करून छावण्यांतल्या हयात माणसांची माफी मागितली आणि प्रत्येकी 20,000 डॉलर दिले. 2000 मध्ये जनगणना खात्याचे तेव्हाचे संचालक केनेथ प्रूइट यांनी 1942 मधल्या खात्याच्या वागण्याबद्दल माफी मागितली. लक्षात घ्या, हे आपोआप झालेलं नाही. ज्यांनी सोसलं ते आणि त्यांची मुलं चाळीस वर्षं बोलत राहिली, कागद शोधत राहिली, म्हणून झालं.

आणि हे पाकीट टपालाने का येऊ लागलं, तेही सांगतो. 1950 च्या जनगणनेनंतर त्यांनी आपल्याच कामाची तपासणी केली. आढळलं असं की गणक बदलला की उत्तरं बदलतात. गणकाच्या तोंडचे शब्द, त्याची घाई, त्याचा अंदाज, सगळं कागदावर उतरतं. मग ठरलं, कुटुंबालाच भरू दे. 1960 मध्ये पोस्टमन घरोघर फॉर्म टाकून गेला, पण न्यायला माणूस येत असे. 1970 मध्ये बहुतेक शहरी भागांत फॉर्म टपालाने आला आणि टपालानेच परत गेला. काही घरांना लांबलचक प्रश्नांचा फॉर्म मिळायचा. 2000 मध्ये सहातल्या एका घराला तो मिळाला. तोच पुढे वेगळा काढून 2005 पासून ही वर्षभर चालणारी पाहणी झाली. शाळा, रस्ते, दवाखाने यांचा सरकारी पैसा कुठे किती जावा हे ठरवताना हे आकडे वापरतात. आपण उत्तर दिलं नाही तर आपल्यासारखी माणसं त्या भागात नाहीतच, असा त्याचा अर्थ लागतो.

आपल्या लोकांची तिथली नोंदही मजेशीर आहे. 1920 ते 1940 च्या जनगणनांत भारतीयांच्या वंशापुढे "हिंदू" लिहीत, मग तो शीख असो की मुसलमान. 1970 मध्ये आपल्याला गोऱ्यांत धरलं. "एशियन इंडियन" असा स्वतंत्र रकाना 1980 मध्ये आला, आणि तो तिथल्या भारतीयांनी मागणी केली म्हणून आला. मोजलं जाणं म्हणजे नुसता धोका नसतो, तो हक्कही असतो.

हे सगळं त्या रात्री मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. सूनबाई म्हणाली, "म्हणजे भरायचं?" मी म्हटलं, "भरायचं, आणि खरं भरायचं. आमचा व्हिसा नियमात आहे, नाव लपवण्याचं कारणच नाही. पण शब्द पाळला जातोय का, याकडे डोळा ठेवायचा. संत्री पहाऱ्यावर असतो म्हणून कोणी कुलूप काढून टाकत नाही."

मग आम्ही चौघांची माहिती भरली. एक प्रश्न होता, अमेरिकन सैन्यात कधी सेवा केली आहे का? बत्तीस वर्षं गणवेशात काढलेल्या माणसाने "कधीच नाही" या चौकोनावर खूण केली. आमची ही खूप हसली. दुसरा प्रश्न होता, घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता? तिथे मुलाने चार वेळा "मराठी" लिहिलं. नागरिकत्वाच्या प्रश्नाला सूनबाईने खरं उत्तर लिहिलं आणि मगच पुढे गेली.

आपल्याकडे असं पाकीट अजून येत नाही. आपल्याकडे 2011 पर्यंत शाळेतले गुरुजी किंवा बाई वही घेऊन दारात येत. पण 2027 च्या जनगणनेसाठी स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय सरकारने जाहीर केली. म्हणजे तोच प्रश्न तुमच्या मोबाइलवर. आपल्या 1948 च्या जनगणना कायद्यात कलम 15 आहे. जनगणनेची वैयक्तिक नोंद कोणाला पाहता येत नाही, आणि न्यायालयात पुरावा म्हणूनही चालत नाही. हे कलम किती घरांना ठाऊक आहे? माहिती द्यायच्या आधी ते घरात मोठ्याने वाचा, मुलांना समजावून सांगा. ज्या शब्दाची आठवण लोक ठेवतात, तो मोडायला सरकारला जड जातं.

तर मंडळी, तुमच्या घरी जनगणनेच्या वेळी काय काय घडलं, कोणी काय लपवलं, कोणी भांडलं, ते जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. जय हिंद.