धुपेच्या नकाशात न दिसणारी गळती

जिथे धूप जास्त तिथे जमिनीचा कस गेला, असे आपण सरसकट धरून चालतो. नकाशावर सह्याद्रीचे उतार लाल रंगवायचे, हेक्टरी किती टन माती गेली तो आकडा घ्यायचा, त्याला नत्र-स्फुरद-पालाशाच्या टक्केवारीने गुणायचे आणि ‘इतके खत समुद्रात गेले’ म्हणून सांगायचे. दादर-गिरगावच्या व्याख्यानांत या गुणाकाराला हमखास टाळ्या पडतात. गुणाकार चुकलेला नसतो, मांडणीच चुकलेली असते.

ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ साली देशाची वार्षिक धूप सुमारे ५३३ कोटी टन, म्हणजे हेक्टरी १६.३५ टन, असा अंदाज बांधला. हा आकडा सगळे उचलतात. त्याच अंदाजाचा पुढचा भाग मात्र सोडून देतात. त्यांच्याच हिशेबाने यातली २९ टक्के माती समुद्राला मिळते, १० टक्के धरणांत साठते आणि ६१ टक्के नुसती जागा बदलते. वरच्या माळाची माती खालच्या मळईत उतरते. वरच्या शेतकऱ्याचे नुकसान खरेच, पण ते देशाच्या खात्यातून वजा कसे होईल?

हे नकाशे बहुधा विशमायर-स्मिथ सूत्रावर बेतलेले असतात. पाऊस, मातीचा प्रकार, उताराची लांबी व चढ, पीक आणि बांधबंदिस्ती यांचा तो गुणाकार. त्याचे प्रमाण शेत सुमारे २२ मीटर लांबीचे आणि ९ टक्के उताराचे, तेही अमेरिकेतले. सालकाढी आणि ओघळपाडी धुपेने माती किती सुटेल, एवढेच ते सांगते. ती तालीपाशी अडली की ओढ्याला लागली, हे त्या सूत्राला विचारूच नये. घळी तर त्यात धरलेल्याच नाहीत.

समोरच्या पक्षाची एक बाजू मात्र भक्कम आहे. पाणी आधी उचलते ते बारीक चिकण कण आणि सेंद्रिय द्रव्य. खडे-गोटे मागे राहतात. त्यामुळे वाहून गेलेली माती मूळ मातीहून कसदार असते आणि साधा गुणाकार टनामागची हानी कमीच दाखवतो. म्हणजे एकीकडे फुगवटा, दुसरीकडे तूट.

पण मोठी चूक याहून वेगळी आहे. स्टुर्वोगल आणि स्मालिंग यांनी १९९० मध्ये आफ्रिकेतील ३८ देशांच्या शेतजमिनीचा पोषकद्रव्यांचा ताळेबंद मांडला, तेव्हा खर्चाच्या बाजूला पाच रकाने होते : काढलेले पीक, शेतातून नेलेला पालापाचोळा, निचरा, वायुरूप हानी आणि धूप. वाहून आलेला गाळ त्यांनी जमेच्या बाजूला धरला. आपल्या व्याख्यानांत मात्र पाचातला एकच रकाना उरतो.

पहाटे दादरच्या बाजारात मेथीची जुडी उपटल्या मुळांसकट येते, मुळांना काळी माती चिकटलेली असते. ती झटकून टाकली तरी खरा ऐवज पानांतच राहतो. तूरडाळीचे पाहा. क्विंटलभर डाळीत सुमारे १.४ किलो पोटॅशियम आणि साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास फॉस्फरस असतो. (नत्राचे तितके वाईट वाटून घेऊ नका, त्यातले बरेचसे तुरीने हवेतून मिळवलेले असते.) ही डाळ लालबाग-परळच्या घरांत शिजते आणि तिच्यातले पालाश-स्फुरद मैलापाण्यातून वरळी किंवा वांद्र्याच्या, तीन किलोमीटरांहून लांब अशा समुद्रातल्या नळापर्यंत पोचते. ही तूर पिकलेली सपाट काळी जमीन धुपेच्या नकाशावर निर्धोक हिरवी दिसते. पालाशयुक्त खत आपण जवळजवळ सगळे परदेशातून आणतो, तेव्हा ही गळती फुकटात भरून निघत नाही.

धरणातला गाळ परत शेतात आणता येतो. २०१७ पासूनची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना तेच करते. शहरात गेलेला कस परत आणणारी तशी वाट नाही. म्हणून धुपेच्या नकाशाशेजारी दुसरा नकाशा हवा. त्याची सामग्री विखुरलेली असली तरी आहे : मातीची माहिती नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेकडे, आवकेचे वजन बाजार समित्यांकडे आणि मैलापाण्याचा हिशेब महापालिकेकडे. तालुकावार आवक आणि पिकातले घटक एवढे जुळवले, तरी पहिला कच्चा नकाशा काढता येईल.