उपवासाचा साबुदाणा मूळचा कुठला?

एकादशीला आपल्याकडं घरोघरी साबुदाण्याची उसळ होते. पुण्याकडं तिलाच खिचडी म्हणतात. तिच्यात शेंगदाण्याचं कूट, बटाटा, हिरवी मिरची. या सगळ्या वस्तू मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा ब्राझीलकडचा. कांदा आपल्याकडं किती जुना, पण तो उपवासाला चालत नाही!

काब्राल नावाच्या पोर्तुगीज सरदाराची जहाजं १५०० साली भारताकडं निघाली, ती वाटेत ब्राझीलला लागली आणि त्याच वर्षी कालिकतला पोहोचली. १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात गेला. पुढं त्यांच्याच जहाजांतून काजू, अननस आपल्याकडं आले. हे दोन्ही शब्दसुद्धा ब्राझीलच्या आदिवासींच्या भाषेतले.

कसाव्याच्या कडू जातीत विष असतं. तिथल्या आदिवासी बायका तो कंद किसायच्या, विणलेल्या लांब नळीत भरून पिळायच्या, विषारी रस काढून टाकायच्या आणि उरलेला कीस भाजून पीठ करायच्या. ही रीत बसायला किती पिढ्या गेल्या असतील! त्यातल्या एकीचंही नाव इतिहासात नाही. पोर्तुगीज मालकांना कौतुक गव्हाच्या पावाचं. कसाव्याचं पीठ म्हणजे गुलामांचं, गरिबांचं खाणं. ब्राझीलमधली गुलामगिरी कायद्यानं संपली १८८८ मध्ये. रंगावरून माणूस जोखायची खोड तिथं अजून आहे, पण ते पीठ आज गरीब-श्रीमंत सगळेच भात-घेवड्यावर भुरभुरून खातात.

आपल्याकडं पूर्वी साबुदाणा मलायाहून यायचा, तो एका ताडासारख्या झाडाच्या गाभ्याचा. दुसऱ्या महायुद्धात ती आवक थांबली आणि तमिळनाडूत सेलमला कसाव्यापासून साबुदाणा होऊ लागला. म्हणजे आज आपण भिजवतो तो साबुदाणा जेमतेम ऐंशी वर्षांचा.

हे सगळं सांगायचं कारण, आपल्या गटाच्या साबुदाण्याच्या पापड्या विकायला बसलं की एखादी बाई हळूच विचारते, "कुणाच्या हातच्या आहेत?" जात विचारायची ही आडवाट, आपल्याला काय कळत नाही होय? दुकानातल्या साबुदाण्याच्या पिशवीला मात्र कुणी हा प्रश्न विचारत नाही. मी आता उलट त्यांनाच विचारते, "ताई, सेलमच्या कारखान्यात कंद कुणी सोलला, ते विचारलं का?"