तंबाखूचे शेत आणि विडीचे घर : कुटुंबनाट्याच्या एका रूपबंधाविषयी

मिल्ड्रेड सॅव्हेज यांची 'पॅरिश' ही कादंबरी १९५८ मध्ये प्रसिद्ध झाली. १९६१ मध्ये डेल्मर डेव्ह्ज यांनी तिच्यावर चित्रपट केला. अमेरिकेतील कनेक्टिकट खोऱ्यातले तंबाखूचे मळे, शेजाऱ्यांची जमीन गिळू पाहणारा धनाढ्य मळेवाला आणि या वैरात सापडलेला तरुण अशी तिची मांडणी आहे. येथे प्रेमाची वाट मालमत्तेच्या बांधावरून जाते. वारसा, विवाह आणि पीक ही तिन्ही सूत्रे एकाच कुटुंबात एकवटलेली असल्यामुळेच शेतीतील स्पर्धेला शृंगाराचे रूप देता येते. तेव्हा या रूपबंधाची पूर्वअट भावनिक नसून आर्थिक आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

ही पूर्वअट गोंदियाला लावून पाहिली असता ती टिकत नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. तंबाखूशी त्याचे नाते विडीतून जुळले. बंगाल-नागपूर रेल्वे आणि भोवतालचे जंगल यांच्या आधारे विसाव्या शतकात येथे विडीचा धंदा वाढला. तंबाखू प्रामुख्याने बाहेरून, विशेषतः गुजरातेतून आला. पान मात्र जंगलातले. मनोहरभाई पटेलांसारख्या गुजराती उद्योजकांचे नाव या धंद्याशी आणि १९५८ मध्ये स्थापन झालेल्या गोंदिया शिक्षण संस्थेशी जोडलेले आहे. म्हणजे येथे तंबाखूचा मालक आहे, पण तंबाखूचा मळा नाही. बांधच नाही, मग बांधावरचे वैर कोठून येणार?

येथील कुटुंब धंद्यात शिरते ते श्रमाच्या वाटेने. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणे, पुडे बांधणे, आणि एरवी घरच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणे. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. खराब ठरलेल्या विड्या कंत्राटदार बाजूला काढतो. घर हेच कारखाना होते आणि आई, मुलगी, सून एकाच हिशेबाच्या धनी होतात. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरखातेदारालाही कामगार मानले, ही घटना केवळ कायद्याच्या इतिहासातील नव्हे. 'घर' या संकल्पनेच्या इतिहासातीलही आहे.

मराठी भाषकांच्या मुलखात तंबाखू पिकवणारा शेतकरी भेटतो तो निपाणी परिसरात. परंतु तेथेही त्याचा प्रतिस्पर्धी शेजारचा शेतकरी नव्हे, तर भाव पाडणारा व्यापारी. म्हणून १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या नेतृत्वाखाली तो संघर्ष पुणे-बंगळूर महामार्गावर आला आणि एप्रिलमध्ये झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे बळी गेले. तेथील वखारींतल्या बायकांच्या लढ्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ मध्ये माहितीपट केला. त्यात नायिका एक नाही, समूह आहे. वैर उभे असले की त्यातून प्रणयकथा घडत नाही. तिला आडवे, समपातळीवरचे वैर लागते.

गोंदियासह पूर्व विदर्भात कुटुंबनाट्य मात्र अत्यंत जिवंत आहे. दिवाळीनंतर मंडई आणि शंकरपटांच्या निमित्ताने झाडीपट्टीची नाटके रात्रभर चालतात. दंडारीची जुनी परंपरा त्यांच्या पाठीशी आहे. घर मोडणे, भावकी फुटणे, लेकीचे लग्न अडणे हे विषय तेथे प्रेक्षकाला हलवून सोडतात. या नाटकांना अतिरंजित म्हणून बाजूला सारणारी समीक्षा एक गोष्ट विसरते : ज्याच्याजवळ राखावयास मळा नाही, त्याच्याजवळ राखावयास घरच उरते. म्हणूनच त्याच्या मेलोड्रामात मालमत्तेच्या जागी नाते येते. तथापि, या घरात ओसरीवर कोणते काम चालते, हा प्रश्न त्या नाट्याला विचारणे हे समीक्षेचे काम होय. हजारी मोजणाऱ्या बाईचे श्रम ज्या दिवशी कथानकाचा कणा होतील, त्या दिवशी परक्या मळ्यांचा रूपबंध उसना घेण्याची गरज उरणार नाही.