मीटिंगमध्ये सगळे हसले, म्हणून हा इतिहास

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची मीटिंग झाली. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग, सगळ्यावर तीन तास भांडलो. शेवटी मी विचारलं, "टॉवर जिथे उभा राहणार, ती जमीन कशी आहे?" सगळे हसले. म्हणून हे लिहितोय.

गोष्ट आपल्या मुंबईतूनच सुरू करतो. कुलाबा वेधशाळेच्या भूकंपमापकावर पावसाळ्यात भूकंप नसतानाही रेघ थरथरत राहायची. यंत्राची कटकट म्हणून सोडून देता आली असती. पण तिथले संचालक डॉ. सुधांशुकुमार बॅनर्जी यांनी तिचा पिच्छा पुरवला. ही थरथर समुद्रातल्या वादळांशी आणि मान्सूनच्या लाटांशी जोडलेली आहे, हे त्यांनी १९३० च्या शोधनिबंधात मांडलं. पुढे हेच भारतीय हवामान खात्याचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आपल्यापैकी कितीजणांना हे नाव माहीत आहे?

म्हणजे जमीन कधीच गप्प नसते. समुद्राच्या लाटा, लोकल, ट्रक सगळे तिला हलवत असतात. आपल्याला कळत नाही इतकंच.

या थरथरीवरून खालचे थर ओळखायची रीत जपानच्या केइती आकींनी १९५७ मध्ये दिली. १९८९ मध्ये युताका नाकामुरांनी आणखी सोपी पद्धत पुढे आणली. डब्याएवढं यंत्र जमिनीवर अर्धा तास ठेवायचं, आडवी आणि उभी थरथर मोजायची, त्यांचं गुणोत्तर काढायचं. मऊ जमिनीचा स्वतःचा झोका किती सेकंदांचा, याचा अंदाज येतो. सुरुंग नको, भूकंपाची वाट बघायला नको.

हा झोका का महत्त्वाचा? १९ सप्टेंबर १९८५. भूकंप झाला पॅसिफिक किनाऱ्याजवळ, आणि इमारती कोसळल्या साडेतीनशे किलोमीटरवरच्या मेक्सिको सिटीत. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला. त्या गाळाचा झोका सुमारे दोन सेकंदांचा. साधारण सहा ते पंधरा मजली इमारतींचा झोका त्याच्याशी जुळत गेला, आणि सर्वाधिक फटका त्यांनाच बसला. हजारो माणसं गेली.

या पद्धतीने भूकंपाचं भाकीत होत नाही. बोअर घेऊन केलेल्या माती परीक्षणालाही ती पर्याय नाही. पण कुठे जास्त काळजी घ्यायची, हे ती स्वस्तात सांगते.

आपली मुंबई सात बेटांमधल्या भरावावर वाढलेली. कुठे काळा खडक, कुठे खाडीचा चिखल. १९६७ चं कोयना आणि १९९३ चं किल्लारी बघितलेल्या राज्यात "खाली काय आहे?" हा प्रश्न हसण्यावारी जावा?

पुढच्या मीटिंगला मी तो पुन्हा विचारणार आहे, आणि या वेळी लेखी. तुमच्या सोसायटीत तुम्हीही विचारा. पार्किंगच्या आधी.