डिकी उघडण्याआधी
गोव्याहून परतताना हद्दीवर गाडी अडवतात. “डिकी उघडा,” म्हणतात. आपण उघडतो. दारू नसतेच, मग भ्यायचं कशाला? पण प्रश्न भीतीचा नाही, अधिकाराचा आहे.

१९५४ मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितलं, की झडतीला लगाम घालणारी अमेरिकेसारखी खासगीपणाची तरतूद आपल्या घटनेत नाही. खुद्द अमेरिकेत काय होतं? तिथे दारूबंदीच्या काळात, १९२५ साली, न्यायालयाने मोटारीची झडती वॉरंटशिवाय चालेल म्हटलं, कारण वॉरंट येईपर्यंत मोटार निघून जाते. मात्र सबळ कारण हवंच.

आपल्याकडे २०१७ साल महत्त्वाचं. १ जुलैला जीएसटी आला, राज्यांच्या हद्दीवरचे करनाके उठू लागले. २४ ऑगस्टला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. दारू आणि अमली पदार्थांसाठीची झडती मात्र राहिली.

मग तोल कसा साधायचा? २०२१ चा बूटा सिंग खटला पाहा. रस्त्यावरच्या खासगी जीपमधून अमली पदार्थ जप्त केल्याचं पोलिसांचं म्हणणं. न्यायालय म्हणालं, खासगी गाडी म्हणजे सार्वजनिक वाहन नव्हे. मिळालेली खबर लिहून ठेवायला हवी होती. ती लिहिलीच नव्हती. आरोपी सुटले.

अशाने एखादा गुन्हेगारही सुटेल, हे आम्ही नाकारत नाही. पण कारण आधी लिहिलं, की ते मागाहून रचता येत नाही. झडती थांबवा असं आपण म्हणत नाही. डिकीआधी वही उघडा, एवढंच म्हणतो.