लोणंदचा गोळा आणि ‘सिंगलटन’

लोणंद म्हटलें कीं आपणांस कांद्याची बाजारपेठ आठवेल. मला तेथील स्टेशनावरची वेताची कडी आठवते. पुण्याहून मिरजेकडे जाणारा हा लोहमार्ग मूळचा सदर्न मराठा रेल्वे कंपनीचा. १८९० सालीं पुण्यापासून लोंढ्यापर्यंतचें काम पुरें झालें. मार्ग त्या वेळीं एकेरी होता; तेव्हां नीरा आणि लोणंद यांच्यामध्यें एका वेळीं एकच गाडी असणें हा जिवाचा प्रश्न होता. धांवत्या इंजिनांतून कडीला बांधलेली चामडी पिशवी खालीं पडे व दुसरी वर झेलली जाई. ती झेल चुकते कीं काय, यावर आम्ही मुलें पैज लावीत असूं. पिशवींत पोलादी गोळा असे. तो हातीं आल्याखेरीज ड्रायव्हरनें पुढें जावयाचें नाहीं.

या व्यवस्थेमागें एक अपघात आहे. इंग्लंडांत नॉर्विचजवळ थॉर्प येथें १८७४ च्या सप्टेंबरांत एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या व पंचवीसांच्या आसपास माणसें दगावलीं. एका गाडीस बोलावणारी तार सही होण्यापूर्वींच निघून गेली, आणि इकडची गाडीही सोडण्यांत आली. दोघींनाही परवानगी होती! पुढें एडवर्ड टायर यानें १८७८ सालीं दोन स्टेशनांतील यंत्रें विजेनें अशीं जोडलीं कीं, एक परवाना बाहेर पडला म्हणजे तो यंत्रांत परत जाईपर्यंत दोन्हीं टोकांस दुसरा निघूंच नये. आपल्याकडील नीलच्या गोळ्यांच्या यंत्राचें तत्त्वही हेंच.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. त्याला हें सांगतांच तो म्हणाला, “गुरुजी, हा तर आमचा सिंगलटन!” १९९४ सालीं गामा, हेल्म, जॉन्सन व व्लिसिडीस या चौघांनीं प्रोग्रॅमरचनेच्या २३ घाटांचें पुस्तक काढलें; त्यांतला हा एक. अमुक प्रकारची वस्तु प्रोग्रॅमांत एकच असावी, मागेल त्यास तीच मिळावी, आणि नवी घडविण्याचें दार बाहेरच्यांस बंद असावें. वेबसेवेकडे शेंकडों मागण्या एका क्षणीं येतात. प्रत्येकीसाठीं डेटाबेसशीं नव्या जोडण्यांचा साठा उभारणें परवडत नाहीं. एकच साठा सर्वांनीं वापरावा.

पण दोन मागण्या एकदम आल्या, दोघींनाही वस्तु अद्याप झालेली दिसली नाहीं, व दोघींनीं ती घडविली, तर? तेंच थॉर्प. म्हणून घडविण्याच्या जागीं कुलूप लावतात. कुलुपाचा वेळ वांचविण्यासाठीं जावा भाषेंत ‘दोनदां पाहण्याची’ युक्ति बरीच रूढ होती. ती सदोष होती, आणि २००४ सालीं भाषेचे नियम सुधारल्यावरच ती योग्य शब्द योजून बिनधोक झाली.

दुसरें असें कीं, सर्वांच्या वस्तूंत एका गिऱ्हाइकाचें नांव ठेवलें तर तें दुसऱ्यास दिसावयाचें. अशा गैरवापरामुळें या घाटाची बरीच निंदा झाली. खुद्द गामा यांनींही २००९ सालीं तो पुस्तकांतून वगळण्याकडे आपला कल असल्याचें सांगितलें. मला तें थोडें कठोर वाटतें. धर्मशाळेंत कोणी आपली तिजोरी ठेवली, तर दोष धर्मशाळेचा नव्हे.

मीं विचारलें, “सेवा दोन यंत्रांवर चालत असेल तर?” तो हंसला. तेव्हां वस्तु दोन होतात. प्रत्येक यंत्रांत एक. खरोखरच एकच हवी असेल, तर दोघांना दिसेल असें कुलूप डेटाबेसांत ठेवावें लागतें, म्हणजे नीरा-लोणंदमधली तारच. तार तुटली तर काय करितां, असें त्यानें मला उलट विचारलें. तेव्हां स्टेशनमास्तर पलीकडच्या स्टेशनची खात्री करून घेऊन कागदी परवाना लिहून देत, आणि गाडी पुढें जाई.