संहितेचे वळण : विम व निओविम यांच्या कोडलेखनाचा आणि उभारणीचा इतिहास

हस्तलिखितांच्या अभ्यासकाला लिपिकाचे वळण ही कधीच गौण गोष्ट वाटत नाही. अक्षरांची मोडणी, दंडांची पद्धत, समासातील खुणा यांवरून पोथी कोणत्या काळी व कोणत्या प्रदेशात उतरविली गेली, याचा तर्क बांधता येतो. संगणकावरील प्रोग्रामांची जी मूळ संहिता असते, जिला व्यवहारात कोड म्हणतात, तिच्या वळणाकडे मात्र अशा दृष्टीने क्वचितच पाहिले गेले आहे. कोडची मांडणी म्हणजे नीटनेटकेपणाचा प्रश्न, आणि त्या कोडपासून चालता प्रोग्राम सिद्ध करण्याची प्रक्रिया, म्हणजे बिल्ड, ही कारागिरांची बाब, असेच सामान्यतः समजले जाते. विम या टेक्स्ट एडिटरचा इतिहास पाहिल्यास ही समजूत टिकत नाही. ओळीच्या आरंभी किती जागा सोडावी यासारख्या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नामागे, संहितेत हात घालण्याचा अधिकार कोणाचा आणि तिच्या गतकाळाचे किती ओझे पुढच्यांनी वाहावे, असा वाद तेथे उभा होता.

विमची वंशावळ थोडक्यात सांगता येईल. बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास बर्कली येथे व्हीआय हा एडिटर लिहिला. त्याची स्टीव्ही नावाची एक अनुकृती पुढे निर्माण झाली. नेदरलंड्समधील ब्राम मोलेनार यांनी 1988 मध्ये अमिगा या संगणकासाठी स्टीव्हीचा आधार घेऊन काम आरंभिले, आणि 1991 मध्ये विमची पहिली सार्वजनिक आवृत्ती निघाली. विम या नावाचा अर्थ प्रथम 'व्हीआयची अनुकृती' असा होता. 1993 पासून तो 'सुधारलेला व्हीआय' असा झाला. आद्याक्षरे तीच ठेवून अर्थ पालटण्याचा हा प्रकार भाषाभ्यासकाला मौजेचा वाटेल.

मोलेनार यांचे धोरण असे की, विम शक्य तितक्या यंत्रांवर चालला पाहिजे. अमिगामागून युनिक्स, एमएस-डॉस, ओएस/2, व्हीएमएस, बीओएस, मॅकिन्टॉश असा विस्तार होत गेला, आणि प्रत्येक यंत्राने संहितेवर आपला ठसा उमटविला. सी भाषेत 'इफडेफ' ही एक सोय आहे. अमुक अट पूर्ण होत असेल तरच पुढील ओळी विचारात घ्याव्या, एरवी त्या नाहीतच असे मानावे, असे तिने कंपायलरला सांगता येते. विमच्या कोडमध्ये या अटींची दाटी झाली. यंत्रांच्या अटी वेगळ्या आणि वैशिष्ट्यांच्या वेगळ्या; कारण 'अतिलहान' पासून 'प्रचंड' पर्यंत पाच आकारांचे विम एकाच संहितेतून सिद्ध करता येत असत. परिणामी कागदावर एकच दिसणारी ही संहिता वस्तुतः अनेक पाठांची होती, आणि त्यांपैकी कोणता पाठ प्रत्यक्षात उतरेल हे बिल्डच्या वेळी ठरे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद पृष्ठाच्या तळाशी दिलेले असतात. ते सर्व मुख्य श्लोकांच्या मध्येच घातले तर पृष्ठ जसे दिसेल, तशी या कोडची स्थिती होती असे म्हणावयास हरकत नाही.

याहूनही बोलका अवशेष फलनांच्या, म्हणजे फंक्शनांच्या, लेखनात होता. सी भाषेचे प्रमाणीकरण 1989 मध्ये झाले. त्यापूर्वीच्या पद्धतीत कंसात केवळ नावे देत आणि त्यांचे प्रकार खालच्या ओळींत स्वतंत्रपणे सांगत. विमने ही जुनी पद्धत प्रमाणीकरणानंतर पाव शतकाहून अधिक काळ जपली. फलनांच्या पूर्वसूचना तर एका खास आवरणात गुंडाळलेल्या असत. नव्या कंपायलरला त्यातील तपशील दिसे, जुन्याला तो रिकामा कंस वाटे. विमच्या विकासकांसाठी जी मार्गदर्शिका होती, तिच्यात फलनाचे नाव 31 अक्षरांहून मोठे नसावे असा नियम होता आणि व्हीएमएस हे त्याचे कारण शेजारीच नमूद केलेले होते. बहुतेक लेखकांनी जे यंत्र कधी पाहिलेही नसेल, त्याच्या मर्यादेने त्यांच्या शब्दांची लांबी ठरविली. ओळीच्या आरंभीची जागाही साधी नव्हती. आठ स्थानांचा टॅब आणि चार-चार स्थानांच्या पायऱ्या यांचे ते मिश्रण होते. प्रत्येक फाइलीच्या डोक्यावरील टिपेत ही मापे दिलेली असत. ती पाळणारा एडिटर, अर्थात विम, हाती नसेल तर सगळी मांडणी विस्कटलेली दिसे.

बिल्डचे स्वरूपही असेच होते. युनिक्ससाठी ऑटोकॉन्फने निर्मिलेली लांबलचक तपासणी-संहिता आणि टिपांनी भरलेली मेकफाइल. विंडोजच्या निरनिराळ्या कंपायलरांसाठी निरनिराळ्या मेकफाइली. अमिगा व व्हीएमएससाठी आणखी वेगळ्या. नवी फाइल संहितेत आणावयाची तर तिची नोंद या सर्व ठिकाणी करावी लागे. नवागताचा उत्साह अशा ठिकाणी फार टिकत नाही. शिवाय मुख्य संहितेत अखेरचा हात जवळजवळ नेहमी मोलेनार यांचाच असे. इतरांनी पाठविलेले बदल ते स्वतः तपासून, क्रमांक देऊन समाविष्ट करीत आणि प्रत्येकासोबत 'अडचण' व 'उपाय' अशा दोन शीर्षकांखाली टीप लिहीत. पाठविणाऱ्याचे नाव तेथेच कंसात येई. या टिपांची शिस्त प्रस्तुत लेखकाला वार्तिककारांची आठवण करून देते. एकाच माणसाने इतक्या वर्षांचे बदल इतक्या सारख्या भाषेत नोंदविल्याची उदाहरणे फार नसतील.

फूट पडली ती 2014 मध्ये. ब्राझीलमधील थियागो दी अर्रुदा यांनी विमला एका वेळी अनेक कामे करता यावीत यासाठी एक मोठा बदल सुचविला होता. तो स्वीकारला गेला नाही. तेव्हा त्यांनी निओविम या नावाने स्वतंत्र शाखा काढण्याचे ठरविले. लोकवर्गणीचे 10,000 डॉलरांचे उद्दिष्ट ठेवले असता 30,000 हून अधिक डॉलर जमले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, ज्या सुविधेवरून मतभेद झाला ती बाजूस ठेवून आरंभ झाला तो वळण पालटण्यापासून. सुमारे तीन लाख ओळींची संहिता प्रथम एका साधनातून काढून नामशेष यंत्रांच्या व ऐच्छिक वैशिष्ट्यांच्या अटी गाळण्यात आल्या. मग अनक्रस्टिफाय या मांडणीच्या साधनाने सर्व फाइली एकाच मापात बसविल्या. जुन्या पद्धतीची फलने नव्या पद्धतीत आली. अनेक मेकफाइलींच्या जागी सीमेक हे एकच साधन आले. नवी लेखनशैली गूगलच्या सी प्लस प्लस नियमावलीवरून बेतलेली होती, आणि ती पाळली जाते की नाही हे तपासण्यासाठी एक छोटा प्रोग्रामही ठेवण्यात आला. निओविमची पहिली आवृत्ती नोव्हेंबर 2015 मध्ये निघाली.

या सुधारणेने वाचकवर्ग वाढला, यात शंका नाही. परंतु तिची किंमतही होती, आणि ती कशाची, हे मराठीच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या लेखनविषयक नियमांनी 'घरीं', 'कांहीं', 'पांच' यांतील अनुस्वार काढले. नव्या लेखकाची सोय झाली, हे प्रस्तुत लेखकाला मान्य आहे. पण जुने ग्रंथ नव्या लेखनात छापले गेले तेव्हा रूपांच्या इतिहासाचा पुरावाच त्यांच्या पानांवरून गेला. एका विद्यार्थ्याने अशा पुनर्मुद्रणावरून एकोणिसाव्या शतकातील सप्तमीच्या रूपांचे कोष्टक करून आणलेले पाहिले आहे. कोष्टक निर्दोष होते. केवळ ते त्या शतकाचे नव्हते.

निओविमच्या बाबतीत हाच प्रश्न दोन ठिकाणी उभा राहिला. पहिले असे की, त्याच्या भांडाराची नोंद 31 जानेवारी 2014 रोजी विमची तत्कालीन संहिता एकगठ्ठा आणल्यापासून सुरू होते. त्यामागचे बदल तेथे दिसत नाहीत. त्यात सर्व ओळी नव्याने मांडल्या गेल्यामुळे, एखाद्या ओळीचा कर्ता कोण असे विचारले असता मांडणी करणाऱ्याचे नाव येऊ शकते. ही अडचण केवळ निओविमची नव्हे. गिट या नोंदवहीच्या प्रोग्रामात मांडणीपुरते बदल वगळून कर्ता शोधण्याची सोय 2019 मध्ये करावी लागली, यावरून तिची व्याप्ती कळते. दुसरे ठिकाण अधिक कष्टाचे होते. विमची वाढ थांबली नव्हती. तेथील दुरुस्त्या, म्हणजे पॅच, निओविमला हव्या असत. पण पॅच बसविताना आजूबाजूच्या ओळी जुळाव्या लागतात, आणि त्या तर आता जुळत नव्हत्या. म्हणून पॅच उतरवून घेण्यासाठी वेगळी लिपी लिहावी लागली आणि पुष्कळ पॅच हातांनीच बसवावे लागले. मातृसंहितेशी ज्याला संबंध ठेवावयाचा आहे त्याने वळण पालटताना हे कष्ट आधीच हिशेबात धरले पाहिजेत. निओविमने ते धरले, आणि आजवर निभावले, हे त्याच्या श्रेयात मोडते.

मोलेनार यांच्या सावधपणाला हट्ट म्हणणारे पुष्कळ होते. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या यंत्रांवर विम चालतो असे त्यांनी जाहीर केले होते, त्यांच्या वापरकर्त्यांशी ते वचनबद्ध होते, आणि वचन मागे घेण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी ते उघडपणे घेतले. 2016 च्या आरंभी विममधील ती आवरणे गेली, पाठोपाठ फलने नव्या पद्धतीत आली. ओएस/2 आणि एमएस-डॉस यांचा आधारही सप्टेंबर 2016 च्या आठव्या आवृत्तीपूर्वी काढण्यात आला. एका वेळी अनेक कामे करण्याची सोय याच आवृत्तीत आली. टिपांचे जुने चिन्ह जाऊन दुहेरी तिरक्या रेघांचे नवे चिन्ह आले ते डिसेंबर 2019 मध्ये. निओविमने एका तडाख्यात जे केले त्यातील बरेच विमने क्रमांकित पॅचांच्या मालिकांनी केले, आणि त्या प्रत्येकाखाली 'अडचण' व 'उपाय' ही टीप आहे. तेथे 'अडचण' म्हणून लिहिलेले आहे ते एवढेच, की जुनी पद्धत अद्याप वापरात आहे.

मोलेनार यांचे 3 ऑगस्ट 2023 रोजी निधन झाले. जानेवारी 2024 मधील 9.1 ही आवृत्ती त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना अर्पण केली. विमच्या संहितेत आवृत्तीची माहिती ठेवणारी जी फाइल आहे, तिच्यात समाविष्ट पॅचांचे क्रमांक एकाखाली एक, नवा सर्वांत वर, असे लिहिलेले असतात. निओविमने वळण पालटले, अटी गाळल्या, बिल्ड बदलली. तरी विमकडून घेतलेल्या पॅचांच्या क्रमांकांची यादी मात्र आपल्या आवृत्ती-फाइलीत ठेवली, आणि असा प्रत्येक पॅच समाविष्ट करताना त्याच्या नोंदीच्या आरंभी विमचे नाव व मूळ क्रमांक लिहिण्याची रीत पाळली.